नसलेल्या पदार्थाची चिमूट

नव्या तळवड्यात मूल बोट धरून चालायला लागलं की त्याला चांदणखिडकीशी, म्हणजे खडकात पाडलेल्या काचबंद भोकाशी नेत आणि चुंबकतारा दाखवत असत. जसा काही चांदोमामाच! पृथ्वीवरून आलेल्या कोकणी मंडळींनी गावाला नाव घरचंच दिलं, पण घरं खोदली खडकाच्या पोटात, याच ताऱ्याच्या धाकाने. आता धाक सरला होता. गणकयंत्राने सांगून टाकलं होतं की दोनशे वर्षं भीती नाही. म्हणून यंदा पहिलीचा वर्ग वर, काचेच्या घुमटाखाली भरणार होता.

आणि केतकी परुळेकर परवानगीच्या कागदावर सही करेना. गावात ताऱ्यांची जाणकार ती एकटीच. सरपंच साटमतात्या भडकले. नात मीरा पहिलीत जायची होती. पोरीने उन्हात बसून अक्षरं गिरवावीत एवढीच म्हाताऱ्याची हौस.

केतकीने त्यांना बसवून सांगितलं. ताऱ्याभोवती चुंबकीय रेषांचा पीळ असतो आणि त्यात अडकलेला असतो प्लाझ्मा, म्हणजे तापून अणू फुटलेला वायू. पीळ वाढत जातो, एक दिवस तुटतो, आणि किरणांचा असा लोट सुटतो की काचेखाली कोणी जिवंत राहत नाही. गणकात तसाच तारा उभा करून तुटण्याची वेळ काढतात. गोम इथेच आहे. रेषांमधली जागा जवळजवळ रिकामी, आणि रिकाम्या जागेचं गणित गणकाला झेपत नाही. म्हणून तिथे नसलेला पदार्थ थोडासा टाकायचा. त्याला म्हणायचं चिमूट. गुरूने टाकली, शिष्याने टाकली, विचारलं कुणीच नाही.

केतकीने चिमूट अर्धी केली. पीळ शंभर वर्षांतच तुटला. आणखी अर्धी केली, तर पन्नास. नसलेल्या पदार्थाच्या वजनानेच तो धरून राहिला होता.

“आणि टाकलीच नाही तर?” तात्यांनी विचारलं.

“गणक बंद पडतो.”

“म्हणजे तुलाही ठाऊक नाही.”

“नाही ना. म्हणूनच सही नाही.”

नाचता येईना अंगण वाकडं, म्हणत तात्या उठले. पंचायतीने सहीवाचूनच घुमट उघडायचं ठरवलं.

उघडायच्या दिवशी केतकी दारातच आडवी बसली. कुणी हट्टी म्हणालं, कुणी वेडी. ओढून काढा, पुन्हा येऊन बसेन, असं तिने सगळ्यांना सांगून टाकलं. तात्यांनी गोडीने घेतलं. तारा शांत दिसतोय, जरा बिघडला की पोरांना खाली नेऊ, यात अडचण काय?

“तात्या, त्याचा उजेड इथे यायला आठ वर्षं लागतात. तो तुटलेला दिसेल तेव्हा किरणही पोचलेले असतील. तुमची मीरा सहा वर्षांची. ते किरण कदाचित तिच्या जन्माआधीच निघालेत.”

तात्यांनी वर पाहिलं. तारा रोजच्यासारखाच होता. त्यांनी मीराला खाली पाठवलं, ती रडत गेली. मग गुडघे धरत ते केतकीशेजारी दारात बसले.

आईबापांनी विचारलं, मग वर्ग कधी? ठाऊक नाही, केतकी म्हणाली.

तेव्हापासून तळवड्यात मुलांना तो तारा कोणी दाखवत नाही.