बिननावाचा शर्ट

वुकाशिनचा मला आधी पाय भेटला. जूनची सर येऊन गेली होती आणि मी प्रयोगशाळेतल्या गळतीखालच्या बादल्या रिकाम्या करत होते. तेवढ्यात चुन्याचे पोपडे कोसळले आणि छतातून एक बूट, मागोमाग गुडघ्यापर्यंत अख्खा पाय खाली आला. थोडा वेळ तो हवेत आधार शोधत राहिला.

"खाली कुणी आहे का?"

"आहे. रसायनशास्त्राची बाई."

"लागलं तर नाही ना?"

"अजून तरी नाही. दुसरा पाय कुठंय तुमचा?"

"तो माझ्याजवळच आहे, बाई... काळजी नसावी."

आमच्या माध्यमिक शाळेला नवं छप्पर मिळणार, असं अकरा वर्षं ऐकत होतो. मी इथं शिकत होते तेव्हाही याच बादल्या होत्या. नोकरीला लागल्यावर त्या रिकाम्या करायचं काम माझ्याकडे आलं, एवढीच काय ती बढती. त्यामुळे द्रिना नदीकाठचा हा मिस्त्री आपली टोळी घेऊन आला तेव्हा मला विश्वासच बसेना. पाय पाहिल्यावर बसला.

प्रेमात पडले, असं मी तेव्हा म्हटलं नसतं. सुट्टी होती, शाळेत यायचं काही कारण नव्हतं, तरी मी रोज सकाळी यायची.

"आज काय काढलंत, बाई?" तो तुळईवरूनच विचारायचा.

"कपाटं लावतेय."

"कालही कपाटंच लावत होतात."

"तुम्हीही काल तोच खिळा ठोकत होतात."

"काय करणार... इथून अंगण चांगलं दिसतं."

मी वर बघायची नाही. पण कॉफी दोन कपांपुरती टाकायची आणि दुसरा कप खिडकीत ठेवून द्यायची. थोड्या वेळानं तो रिकामा सापडायचा. कपात कधी एखादं आंबट चेरीचं फळ असायचं, कधी दोन.

शाळा झाडणाऱ्या झागोर्का मावशींच्या नजरेतून काही सुटत नाही. ऑगस्टमध्ये त्या म्हणाल्या, "आढं चढलं की सोमवारी तो चालला परदेशी, ग्रात्सला; कौलं टोळी घालेल. तिकडं दोन वर्षांचं काम घेतलंय. आणि तू बस मूग गिळून!"

"मी काय बोलणार, मावशी?"

"मी काय बोलणार म्हणे! विद्यार्थ्यांना तर फाडफाड बोलतेस."

आमच्याकडे छपराचं आढं चढलं की वाशांमध्ये दोरी बांधतात. घरधनी तिच्यावर मिस्त्र्यांसाठी शर्ट, टॉवेल टांगतो, आणि मिस्त्री वरून एकेका देणाऱ्याचं नाव पुकारून त्याला आशीर्वाद देतो. शाळेला कुठला घरधनी? म्हणून पालक आले, शिक्षक आले, पाववाला आला. प्रत्येकाच्या भेटीला नावाची चिठ्ठी होती. मी निळा शर्ट आणला होता. चिठ्ठीही लिहिली होती. ती शेवटी खिशातच राहिली.

"झागोर्काबाईंचा टॉवेल!" वुकाशिन वरून ओरडला. "त्यांच्या घरची चूल कधी न विझो!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाववाल्याच्या भट्टीला बरकत चिंतून झाली. मग त्यानं निळा शर्ट हातात घेतला, उलटापालटा केला.

"याला नाव नाही. बिननावाची भेट मिस्त्रीला चालत नाही हो... कुणाचा हा?"

तो माझ्याकडेच बघत होता. मावशींनी कोपरानं ढोसलं. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

मुख्याध्यापक मिरोल्युब खाकरले. "शाळेचा समजा!"

"शाळेचा..." तो म्हणाला. "बरं. शाळेला उदंड आयुष्य लाभो." त्यानं शर्टाची घडी घातली आणि पुढचा टॉवेल उचलला.

सोमवारी तो गेला. मी रडले. खोटं कशाला सांगू?

सप्टेंबरमध्ये शाळा भरली. नवी बाकं आली, नळाला गरम पाणी आलं. ऑक्टोबरात तीन दिवस पाऊस कोसळला आणि प्रयोगशाळेत एक थेंब पडला नाही. मुलं खूश होती. मी कोरड्या छताकडे बघत बसले आणि मला ते छप्पर चक्क नकोसं झालं. मग कराराचा कागद आठवला. छपराची दोन वर्षं हमी होती. गळती झाल्यास शाळेनं लेखी कळवायचं आणि आठ दिवसांत मिस्त्रीनं स्वतः येऊन पाहणी करायची.

मी अर्ज लिहिला. मुख्याध्यापकांनी तो वाचला, मग छताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नेवेना, गळती नक्की कुठं आहे ते लिहिलं नाहीस."

"मिस्त्रींना सापडेल, सर."

त्यांनी जोरात शिक्का मारला.

शनिवारी दुपारी तो आला. शिडी लावून माळ्यावर चढला. तासभर त्याची पावलं डोक्यावरून इकडून तिकडे फिरत होती. उतरला तेव्हा केसांत जळमटं होती आणि चेहरा वैतागलेला.

"बाई, वर ठणठणीत कोरडं आहे."

"माहीत आहे."

"माहीत आहे? आठ तास गाडी हाकत आलोय मी!"

"तो शर्ट माझा होता." एवढं म्हटल्यावर पुढचं सोपं गेलं. "सगळ्यांसमोर बोलायचा धीर झाला नाही. मला तुम्ही आवडता. खूप... आवडता. खोटा अर्ज केला, त्याबद्दल हवं तर रागवा."

तो रागावला नाही. बाकावर बसला आणि हातातली टोपी फिरवू लागला.

"ग्रात्सला शब्द दिलाय मी. दोन वर्षं मोडता येणार नाहीत, नेवेना."

त्यानं पहिल्यांदाच मला नावानं हाक मारली होती.

"मोडू नकोस," मी म्हणाले. "मी थांबेन."

"अर्ज कुठंय? पाहणीचा शेरा लिहावा लागतो."

मी कागद पुढे केला. जाड सुतारी पेन्सिलीनं तो सावकाश लिहू लागला. 'छप्पर तपासले. गळती आढळली नाही.' थोडा थांबला, कान लाल झाले, आणि खाली आणखी एक ओळ लिहिली. 'तरीही दोन वर्षे दर महिन्याला मिस्त्रीने जातीने पाहणी करणे आवश्यक.'

"इथं शाळेतर्फे सही लागते," पेन्सिल माझ्या हातात देत तो म्हणाला. "आणि या वेळी नाव लिहायचं हं, बाई."

मी लिहिलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.