छपरावरचा हातमोजा

खोटं सांगून मला काय मिळायचंय? विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर पान उलटा. त्या दुपारी बर्फाच्या कारखान्याच्या आवारात मी स्वतः उभी होते... माझ्या थोरल्या पोराचा डबा घेऊन.

थोरला तिथे मशीन चालवायचा. अमोनियाच्या टाकीवर सेफ्टी व्हॉल्व्ह, त्याच्याखाली पातळ पत्र्याची डिस्क. दाब वाढला की डिस्क फुटते, व्हॉल्व्ह उघडतो, गॅस नळीतून छपरावर निघून जातो. माणसं वाचतात. नळीच्या तोंडाला तिथली पोरं रबरी हातमोजा बांधायची. फुगला की समजायचं, गळतंय.

त्या दुपारी मोजा मरगळून लोंबत होता.

मग मशीनचा आवाज बदलला. चढत गेला...

मी वर बघितलं.

मोजा ताठ उभा होता.

चारच बोटं. करंगळी रिकामी.

माझ्या धाकट्या दिराची करंगळी मशीनच्या पट्ट्यात गेली होती. पुढे तो अख्खाच गेला. याच मशीनच्या खोलीत, गॅसने.

मी धावले. खोलीचं दार आतून लागलेलं.

"बाहेर ये रे!"

फिटर आवारातच होता. "काकू, ओरडू नका. दाब वाढला तर डिस्क फुटेल की!"

"तुझी डिस्क घाल चुलीत! पोरगा माझा आहे आत!"

दार हलेना.

जन्मात कुणापुढे वाकले नाही मी. त्या दाराला डोकं टेकलं.

"भाऊजी, पदर पसरते. माझं लेकरू सोडा."

कडी वाजली.

थोरला धडपडत बाहेर पडला, आणि मागे नळीचा जोड फुटला. पांढरा लोट नुसता.

दुसऱ्या दिवशी फिटर आला, तोंड पाडून. डिस्कला सुईएवढं भोक पडलेलं. त्यातून गॅस वर झिरपून साचला; दोन्ही बाजूंनी दाब, म्हणून ती फुटलीच नाही. डिस्क आणि व्हॉल्व्हच्या मधलं दाबाचं घड्याळ बिघडलं, तेव्हा या फिटर लोकांनीच तिथे बूच मारलेलं. कळणार कसं?

"पण काकू, व्हॉल्व्ह उघडलाच नाही. वर गॅस गेलाच नाही. मग मोजा...?"

"मला काय विचारतोस, मेल्या!"

थोरल्याला विचारलं, बाहेर का येत नव्हतास?

"येतच होतो, आई. काका म्हणाले, थांब, दोघं मिळून मशीन बंद करू. मग तुझा आवाज आला... आणि त्यांनी माझा हात सोडला."

कारखाना आता बंद आहे. तरी दुपार झाली की हा तिकडे निघतो. काल मी उंबऱ्यात आडवी पडले.

"जाऊ दे ना, आई. काका आत एकटेच आहेत."

आज पुन्हा चपला शोधतोय. मी दाराला पाठ लावून हे लिहितेय.