विषुववृत्तावरचं गार पाणी

बीड-वडवणी एसटीत राजश्रीला जागा मिळाली ती एका भूगोलाच्या सरांशेजारी. मांडीवर उत्तरपत्रिका, हातात लाल पेन. 'सूर्य जवळ-लांब गेल्यानं ऋतू बदलतात' या संस्कृती नावाच्या मुलीच्या ओळीवर त्यांनी ठसठशीत फुली मारली.

"अहो, थांबा!" तिच्या तोंडून निसटलंच. "पूर्ण चूक न्हाई ते."

"कावून?" सर वळले. "पृथ्वीचा आस कललेला हाय, म्हणून ऋतू होतात. सात वर्षं शिकवतोय मी."

"आपल्याकडं तसंच. पण पॅसिफिकच्या पूर्वेला, विषुववृत्तावर, गार पाण्याचा लांबच लांब पट्टा हाय. वर्षात एकदा पसरतो, एकदा आखडतो. त्यात सूर्याच्या अंतराचाबी हात असतो." ती रंगात आली. "हल्लीच्या काळात आपण दर जानेवारीत सूर्याच्या सगळ्यात जवळ असतो. ही तारीख सरकत सरकत वर्षभर फिरून यायला बावीसेक हजार वर्षं लागतात. तिच्यामुळं त्या समुद्राचा गारठ्याचा महिनाबी सरकतो."

सरांनी लाल पेनाला टोपण लावलं... पुस्तकाबाहेरचा एवढा मोठा समुद्र, आणि तो सांगणारी ही मुलगी!

"तुमी पाहिलाय तो?"

"नांदूरघाटची मी! पुण्यात चार वर्षं संशोधन केलं, पण समुद्र कॉम्प्युटरवरच पाहिला. आता त्याच्याच अभ्यासाला जहाजावर जायचंय — दोन वर्षं."

वडवणीला उतरताना सरांनी, म्हणजे समाधाननं, नंबर मागितला. शंका आली तर विचारायला. मग शंका रोज यायला लागल्या.

महिन्याभरानं त्यानं तिला वर्गात बोलावलं. "संस्कृतीचं उत्तर मी सरसकट चूक ठरवलं," तो पोरांना म्हणाला. "मला पुरतं माहीत नव्हतं. ह्या मॅडमनी शिकवलं." ना संकोच, ना सारवासारव. मोठमोठ्या शास्त्रज्ञांत वावरलेली राजश्री त्याच्याकडं बघत राहिली. असं सरळ कबूल करणारा तिनं पाहिलाच नव्हता.

शाळा सुटल्यावर दोघं फाटकापाशी रेंगाळले.

"जहाज गाठायला सोळा तारखेला विमान हाय," ती म्हणाली.

"जा. लई मोठं काम हाय तुमचं."

"एवढंच?"

"न्हाई..." त्याचे कान लाल झाले. "तुमी लई आवडता मला. पण थांबा म्हणणार न्हाई."

"म्हणला असता, तर मी न्हाईच म्हणले असते."

"आणि आता?"

"आता उद्या नांदूरघाटला या. जायच्या आधी साखरपुडा करायचाय, हे घरी आण्णांना, वडलांना मीच सांगते."

"उद्या? उद्या शाळा—"

"रजा टाका की, सर!"

त्यानं फाटकाच्या खांबावर कागद टेकवला आणि उभ्या उभ्या रजेचा अर्ज लिहायला घेतला.