गिटेलचं नाव

त्या दुपारी मी फक्त एक पुरावा आणायला गेले होते.

ॲम्स्टरडॅममधलं ते जुनं नाटकगृह. युद्धात नाझींनी आमच्या ज्यू लोकांना छावण्यांकडे धाडण्याआधी तिथे डांबलं होतं. आता तिथे स्मारक आहे. माझ्या आजीची, ओमाची, तीन वर्षांची बहीण गिटेल तिथूनच नाहीशी झाली. मला सातवा महिना होता आणि मुलीचं नाव गिटेल ठेवायचं मी ठरवलं होतं.

ओमा अडून बसली. इथली इतर ज्यू कुटुंबं जिवंत आजीचंही नाव खुशाल ठेवतात, पण ओमाचं घराणं पोलंडहून आलेलं. त्यांच्यात नाव ठेवायचं ते मेलेल्यांचं. जिवंत माणसाचं ठेवलं, तर मृत्यूचा दूत चुकून बाळालाच नेतो.

"गिटेल मेली हे कुणी पाहिलंय?" ओमा म्हणाली. "पोरांना नाटकगृहासमोरच्या पाळणाघरात ठेवायचे, तिथून लोकांनी किती पोरं लपवून बाहेर काढली. तुझी डिग्री तुझ्यापाशी ठेव."

स्मारकातल्या कान नावाच्या म्हाताऱ्यानं यादी शोधून दिली. गिटेल, वय तीन, पाळणाघरात पाठवली. पुढे काही नाही. कुठली गाडी नाही, छावणी नाही. अशी बरीच आहेत, म्हणाला, आणि दहा मिनिटांत बंद करतो असं सांगून कप विसळायला गेला.

मला संतापच आला. एका पोरीसाठी घरानं किती वर्षं दार उघडं ठेवायचं? मी आत गेले. प्रेक्षागृहाचं छप्पर कधीच गेलंय. उरलंय ते उघडं अंगण आणि विटांच्या उंच भिंती. डिसेंबरचा उजेड विझत आला होता. कुणी नव्हतं. पोटावर हात ठेवून मी मोठ्यानं म्हटलं, "गिटेल, तू मेली आहेस. तुझं नाव मी घेतेय."

आधी वास आला. ओल्या लोकरीचा, दाटीनं बसलेल्या माणसांच्या घामाचा, मुताचा. मग आवाज... घडीच्या खुर्च्या एकामागून एक मिटत गेल्या. खट्... खट्... जणू सगळे उठून उभे राहिले. तिथे एकही खुर्ची नाही.

सकाळपासून लाथा मारणारं बाळ पोटात थांबलं. आणि मागून, अगदी मानेजवळून, एका म्हातारीचा आवाज आला.

"मग मी कोण...?"

मी धावत सुटले. आत तुमच्याशिवाय कुणीच नव्हतं, असं म्हातारा कान सांगत राहिला. थांब्यावर पोट धरून मी पुटपुटत होते, नाही घेत... तुझं तुला... तिसरी ट्राम निघून गेली, तेव्हा कुठे बाळ हललं.

मुलगी फेब्रुवारीत झाली. नाव रूत ठेवलं. पण तोवर भीती ओसरली होती आणि मला माझीच लाज वाटत होती. म्हातारीच्या गोष्टींना घाबरणारी मी? दवाखान्यातल्या पहिल्या रात्री नोंदणीच्या अर्जावर मी रूतच्या पुढे तिचं दुसरं, मधलं नाव लिहिलं: गिटेल. नवऱ्यालाही सांगितलं नाही. कागद उशीखाली सारला आणि झोपले.

सकाळी नर्स हसत म्हणाली, "तुमच्या आजी पहाटेच येऊन गेल्या. तुम्हाला उठवू नका म्हणाल्या."

ओमाला गुडघ्यांमुळे एकटीनं जिनाही उतरता येत नाही. मामा तिला दुपारी आणणार होता.

"काही... म्हणाली का?"

"बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या बराच वेळ. मधलं नाव काय ठेवलंय, एवढंच विचारलं. मला कुठे ठाऊक? तर म्हणाल्या, असू दे, मी हिलाच विचारते."