जुन्या मशीनवरचे रविवार

कीबोर्डचं एक टोक दिव्यानीच्या हातात होतं, दुसरं एका अनोळखी पोराच्या.

"सोडा नं," तो म्हणाला.

"काऊन सोडू? मी आधी धरला. माझ्या क्लासले पाह्यजे."

चिमूरच्या नथ्थूभाऊच्या भंगाराच्या दुकानात ती आपल्या कॉम्प्युटर क्लाससाठी कीबोर्ड शोधायला आली होती. हा जाडजूड, पिवळट पडलेला कीबोर्ड तिला पाहताक्षणी आवडला. कळ दाबली की कसा खणखणीत वाजायचा!

"याची पिन पाहा, गोल आहे. तुमच्या क्लासात कुठीच लागनार नाई. माझ्या मशीनले मात्र याच्याशिवाय दुसरा चालत नाई."

पिन खरंच गोल होती. दिव्यानी ओशाळली... पण हात काही सोडला नाही. "मग मशीन दाखवा. खरं असन तर देईन."

त्याचं नाव अमर. पुढे मोबाइल दुरुस्तीचं दुकान, मागे घर. मशीन, म्हणजे एक जुना कॉम्प्युटर, मिठाईच्या मोठ्या डब्यासारखी चपटी, पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची. अमरचे बाबा मनसारामभाऊ कोरपन्याकडच्या एका खाणीच्या ऑफिसात तिच्यावर नकाशे काढायचे. ऑफिस बंद झालं, तेव्हा भंगारात चाललेली मशीन त्यांनी घरी आणली. अमरची आई गेली आणि ते बोलायचेच थांबले. दिवसभर ओट्यावर बसून बोटाने धुळीत रेघा ओढायचे.

"नवा लॅपटॉप देऊन पाह्यला, हात नाई लावत," अमर म्हणाला. "याची डिस्क जळली, जुनी सिस्टीम गेली. आता इंटरनेटवर फुकट मिळते ती लिनक्स टाकून राह्यलो. चालू झाली तर बाबा... म्हनजे, मले वाटते."

दिव्यानीने कीबोर्ड जोडून दिला. आणि पुढच्या रविवारी तिचे पाय आपोआप तिकडेच वळले.

मशीन मोठी हट्टी. सीडी घातली की नुसतीच घरघर करायची. मग अमरने लॅपटॉपवरून वायर टाकून सिस्टीम चढवायचं ठरवलं. पण आतल्या चिपची बॅटरी मेलेली. बंद केली की मशीन स्वतःचा नेटवर्कचा पत्ताच विसरायची. दर वेळी तो नव्याने द्यावा लागे. अमर वाचून दाखवायचा, दिव्यानी टाइप करायची.

"सात की एक? नीट सांगा."

"सात. तुमी माझ्याकडं पाहून राह्यल्या तर चुकनारच."

"मी स्क्रीनकडं पाहून राह्यली!"

"स्क्रीन तर तिकडं आहे..."

एका रविवारी, मोहफुलांचा वास खिडकीतून घरभर पसरला असताना, काम ऐंशी टक्क्यांवर आलं आणि लाइट गेली. अमर कपाळाला हात लावून बसला. "जाऊ द्या. माझ्याच्यानं नाई होत."

दिव्यानीने ओट्याकडे पाहिलं. मनसारामभाऊंचं बोट धुळीत थांबलं होतं. ते ऐकत होते.

"होत नाई कसं? क्लासातला इन्व्हर्टर आनते. ऊठ!"

अहोजाहो कधी गळून पडलं, तिलाही कळलं नाही. ऐकू मात्र दोघांनाही आलं.

इन्व्हर्टर तिने ऑटोत घालून आणला. पुन्हा पत्ता, पुन्हा सुरुवात. दुपार कलली तेव्हा काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावत सुटल्या... आणि या वेळी शेवटपर्यंत पोचल्या. अमरने रेघा काढायचा एक साधा प्रोग्राम उघडला आणि बाबांना हात धरून आणलं.

ते मशीनसमोर बसले. मग माउसवर हात ठेवला. एक लांब रेघ. मार्कंड्यापाशी वैनगंगा वळते, तसं वळण. काठावर एक ठिपका.

"इथी..." घसा खाकरत ते म्हणाले, "तुह्या मायचं गाव."

अमरने तोंड भिंतीकडे फिरवलं. दिव्यानीने त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो तिथेच राहू दिला.

मनसारामभाऊंनी मान वळवली. "आन ही पोरगी कोनाची?"

"बाबा... मले तर आपलीच वाटते," अमर अडखळला. "पन तिले अजून इचारलं नाई."

दिव्यानीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "मग इचार नं."

"इथी? बाबासमोर?"

"त्याइच्यासमोरच."

इतक्या रविवारांत एवढा बोलणारा अमर, त्याला एकच शब्द सुचला. "येशीन?"

"येईन," ती म्हणाली. "पन रविवारपुरती नाई."