ओढणी वाळेपर्यंत

नाव गोदावरीच्या ऐन मधोमध बंद पडली आणि परतूरहून आलेल्या देवानंद मिस्त्रीचं तोंड बघण्यासारखं झालं! आदल्याच दिवशी त्यानं अप्पारावांच्या नावेवर उन्हावर वीज करणाऱ्या चार पाट्या बसवल्या होत्या. आता त्यानं मोटर खोलली, वायरी ओढून पाहिल्या, घामाघूम झाला... बिलकुल काही सापडेना.

"मिस्त्री, वल्हं देऊ का?" अप्पारावांची लेक कौसल्या म्हणाली. ती पल्याडच्या गावी शिवणक्लासला निघाली होती.

त्यानं वळून पाहिलं. मागच्या पाटीवर एक ओली हिरवी ओढणी ऐसपैस पसरली होती.

"ही कुणाची?"

"माझीच की. भिजली, म्हणून वाळू घातली."

"अहो बाई, चारी पाट्या एकीला एक जोडल्यात. एक झाकली की चारी बसल्या!"

कौसल्यानं जीभ चावली आणि मग तिला असं हसू फुटलं, की बिचाऱ्याला राग धरताच येईना.

नावेला बॅटरी जुनीच मिळालेली, तिच्यात दम नव्हता. ऊन असेल तोवर नाव चालायची. म्हणून देवानंद आठवड्यातून दोनदा तपासणीला यायचा, आणि कौसल्याची ओढणी नेमकी त्याच दिवशी भिजायची, पाटीवर वाळत पडायची, नाव मधोमध थांबायची. अप्पाराव सुकाणू धरून डोळे मिटून घ्यायचे. झोप लागायची की कसं, देव जाणे!

"आज बी भिजली?"

"काय करावं... नदीच वढाळ हाय."

"किती येळ लागंल वाळायला?"

"घाई हाय का तुमाला?"

"न्हाई बा," तो म्हणायचा आणि उगीच पाना पुसत बसायचा.

दिवाळीनंतर कौसल्याची थोरली बहीण, सगुणा, तापानं गेली. तिची तीन वर्षांची बेबीनंदा आजोळी आली, मावशीचं बोट धरून नावेतून फिरू लागली. मग घरात ठरलं: दाजीनं कौसल्याशीच लग्न करावं, म्हणजे लेकराला सावत्रपण नको. कौसल्यावर कुणी जबरदस्ती केली नाही. तीच हो म्हणाली.

त्याच आठवड्यात देवानंदनं धीर केला. "परतूरला खोली घेतलीय. अप्पारावांना इचारू का... तुमच्यासाठी?"

तिचे डोळे भरून आले. "उशीर केला तुमी."

"पोरीला आपुन सांभाळू की!"

"दाजी देणार न्हाईत. त्यांचं तेवढंच राह्यलंय."

बुद्धवंदना होऊन लग्न लागलं. लग्नाच्या पांढऱ्या साडीतली कौसल्या नावेत बसली. मोटरवर देवानंद होता, त्यानंच ते काम मागून घेतलं होतं. ऊन कडक, नाव सरसर निघाली... आणि मधोमध बंद पडली.

बेबीनंदा मागच्या पाटीवर आपलं ओलं झबलं हातानं नीट पसरत होती. "मावशी, भिजलं. वाळू घातलं."

वऱ्हाडी हसले. दाजी उठले, "काढ गं ते!"

"ऱ्हाऊ द्या," कौसल्या म्हणाली. "थोडं वाळू द्या."

नाव पाण्यावर तशीच उभी राहिली. देवानंदनं तिच्याकडे पाहिलं. त्यानं विचारलं, "किती येळ लागंल?"

कौसल्यानं पोरीला कडेवर घेतलं. दुसऱ्या हातानं झबलं उचललं. त्यातून अजून पाणी गळत होतं.

"आज न्हाई वाळायचं," ती म्हणाली. "लावा मोटर, मिस्त्री."