सकाळच्या पाळीचे पेशंट

"मी नवऱ्याला मारतेय म्हणतात!" नामुकोलो दारातूनच ओरडली. "खारवलेले मासे चारून! डॉक्टरांनीच सासरच्यांना सांगितलंय. सोमवारी सकाळी चोलाचं पुन्हा डायलिसिस आहे. आता तो वाचायचा नाही हो!"

खाजगी गुप्तहेर कसोंदेने टोपी उचलली. जेवण अर्धं टाकून त्याचा सोबती म्विला कुरकुरत त्या दोघांच्या मागे निघाला.

कितवे या खाणींच्या शहरातल्या त्या दवाखान्यात भिंतभर चकचकीत नळ्या होत्या.

"आपल्या खाणीचं तांबं!" डॉक्टर म्बेवेंनी छाती फुगवली. "शुद्ध केलेलं पाणी यातूनच मशीनला जातं. उद्घाटनाला मंत्री आले होते! पण हे लोक पथ्य पाळतील तर शपथ."

"वा!" म्विला हरखला. कसोंदे बेसिन बघत होता. नळाखाली हिरवा डाग होता.

त्याने नर्स टेम्बाला गाठलं. "आजारी कोण पडतं?"

"सकाळी पहिले जोडलेले. पाठ दुखते, उलट्या होतात, रक्त काळपट दिसतं. हातात सुई टोचतात त्या शिरेत रक्त गोठतं. दुपारचे ठणठणीत."

"ते मासे खात नाहीत?"

"खातात की! डॉक्टरांच्या आईच बघा ना. आधी त्या सकाळी यायच्या. झोप मोडते म्हणून डॉक्टरांनी त्यांना दुपारची पाळी दिली."

पलीकडे मशीनला जोडलेली म्हातारी हसली. "कसली झोप? मी कोंबड्याआधी उठते, बाबा."

कसोंदे डॉक्टरांकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर शिसारी होती.

"दोष माशांचा नाही, डॉक्टर, नळ्यांचा. शुद्ध पाणी तांबं खातं. रात्रभर नळीत साचलं की तांबं त्यात उतरतं. बेसिनवर हिरवं दिसतंय ते तेच."

"पण तांबं तर अंगाला चांगलं!" म्विला म्हणाला.

"चिमूटभर, आणि तेही पोटातून. इथे ते मशीनमधल्या पातळ पडद्यातून थेट रक्तात शिरतं. रक्तपेशी फुटतात, शिरांचं अस्तर खराब होतं. सगळं विष सकाळचे पेशंट झेलतात. दुपारपर्यंत नळ्या धुऊन निघतात."

"मला काय माहीत?" डॉक्टर पुटपुटले.

"माहीत नव्हतं, तर आईला दुपारी का हलवलंत?"

डॉक्टरांना घाम फुटला. "नळ्या काढल्या असत्या तर मंत्र्यांना काय तोंड दाखवलं असतं?"

शी! एवढ्यासाठी माणसांच्या रक्तात विष सोडलं, आणि वर एका बाईला खुनी ठरवलं.

टेम्बाने तिथल्या तिथे सकाळची पाळी बंद केली. चोलाला सरकारी इस्पितळात न्यायचं ठरलं. नामुकोलो भिंतीला टेकून हमसून रडली.

म्हातारीने मुलाकडे बघितलंही नाही. सुया टोचलेला हात तिने पुढे केला.

"काढ हे, टेम्बा. आणि सोमवारी सकाळची पाळी एकट्या माझ्यासाठी उघड, चोलाच्या जागी मला लाव. सकाळी. पहिली. बघू, तेव्हा तरी हा नळ्या काढतो का."